तपासणी जिथे थांबली, तिथून पुढे

वाचता वाचता उठावे लागले, तर वाचक पुस्तकात खूण घालून ठेवतो. संगणकाच्या आज्ञावल्या तपासणाऱ्यांना मात्र एवढी साधी सोयही सहज मिळाली नाही.

मोठी आज्ञावली शेकडो फायलींची बनलेली असते आणि तिच्यात अनेक जण बदल करीत असतात. कोणी, केव्हा व काय बदलले याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस ‘आवृत्ती-नियंत्रण’ म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी २००५ मध्ये निर्माण केलेली ‘गिट’ ही अशीच एक व्यवस्था होय. तिच्यातील ‘डिफटूल’ या सुविधेमुळे बदललेली एकेक फाईल उघडता येते व तिचे जुने आणि नवे रूप ताडून पाहता येते.

या फायली सामान्यतः नावांच्या क्रमाने समोर येतात. समजा, साठ फायली बदलल्या आहेत आणि तपासनीस चाळिसाव्या फायलीपाशी थांबला. दुसऱ्या दिवशी काम सुरू करताच पुन्हा पहिलीच फाईल उघडत असे. पाहिलेलेच पाहण्यात वेळ जाई आणि शेवटच्या फायली येईपर्यंत लक्ष थकून जाई. ही हानी किरकोळ नव्हे. आधी दाखवलेल्या फायलींवर तपासनीस अधिक शेरे देतात आणि शेवटच्या फायलींतील दोष अधिक निसटतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

यावर उपाय कोणता? थांबल्याचा क्रमांक संगणकाने लक्षात ठेवावा, हा विचार प्रथम सुचतो. परंतु दरम्यान आरंभी एखादी नवी फाईल आली, की चाळिसावी फाईल एकेचाळिसावी होते आणि खूण चुकते. शिवाय ती खूण कोणत्या दोन आवृत्त्यांच्या तुलनेतील आहे, हेही जपावे लागते.

म्हणून गिटच्या मार्च २०२१ मधील २.३१ या आवृत्तीत निराळा मार्ग स्वीकारण्यात आला. येथे खूण संगणक ठेवत नाही. कोठून आरंभ करावयाचा, त्या फायलीचे नाव तपासनीसच सांगतो. ‘स्किप-टू’ हा पर्याय निवडल्यास त्या फायलीच्या आधीच्या सर्व फायली वगळल्या जातात. ‘रोटेट-टू’ निवडल्यास त्या वगळल्या न जाता रांगेच्या शेवटी जातात. सांगितलेले नाव बदललेल्या फायलींत नसेल, तर डिफटूल अंदाजाने पुढे न जाता तशी सूचना देते.

या दोन पर्यायांतील भेद महत्त्वाचा आहे. आधी पाहिलेली एखादी फाईल रात्रीतून पुन्हा बदलली असेल, तर ‘स्किप-टू’ने ती नजरेआड राहील, ‘रोटेट-टू’ने ती शेवटी का होईना, समोर येईल. साधन काम कोठून सुरू करावयाचे याची सोय करून देते. काय पुन्हा पाहावयाचे, याचा निर्णय मात्र तपासनीसालाच घ्यावा लागतो.