कोचने किती वर्षं राहावं?

२००४चा नोव्हेंबर. पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात पेन स्टेट विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि क्रीडा संचालक टिम कर्ली आपल्या फुटबॉल संघाच्या हेड कोचच्या घरी गेले. जो पॅटर्नो तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि १९६६पासून त्याच खुर्चीवर होते. नुकत्याच संपलेल्या हंगामात संघाने ११पैकी ७ सामने गमावले होते. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला हा पाच वर्षांतला चौथा हंगाम. आता निवृत्त व्हावं, असं पाहुण्यांनी सुचवलं. पॅटर्नोंनी नकार दिला आणि विषय मिटला. कागदोपत्री वरिष्ठ होते ते स्पॅनियर.

पुढच्या हंगामात पेन स्टेटने ११ सामने जिंकले, एकच गमावला. हंगामाअखेरच्या ऑरेंज बाउल सामन्यात पॅटर्नोंसमोर उभे होते फ्लोरिडा स्टेटचे ७६ वर्षांचे बॉबी बाउडन. दोन वृद्ध कोचांचा तो सामना तिसऱ्या जादा डावापर्यंत रंगला आणि पॅटर्नोंनी तो २६-२३ असा जिंकला. त्यांना घरी पाठवू पाहणारे साफ चुकले, असंच तेव्हा बहुतेकांना वाटलं. सहा वर्षांनी याच विद्यापीठाने त्यांना फोनवरून काढून टाकलं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की जो खेळ डोळ्यांसमोर येतो, तो हा नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळला जाणारा हा अमेरिकी खेळ आहे आणि तिथली विद्यापीठं त्यात गळ्यापर्यंत बुडालेली आहेत. पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियममध्ये १ लाख ६ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेला सर्वांत महागडा नोकर राज्यपाल किंवा कुलगुरू नसतो, तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. स्टेट कॉलेज, लिंकन, कॉलेज स्टेशन ही नावं मराठी घरांत मुलांच्या एमएसच्या प्रवेशपत्रांतून येतात, पण त्या गावांचं शनिवारचं आयुष्य कशाभोवती फिरतं हे पालकांना क्वचितच ठाऊक असतं. तिथला कोच कधी जातो आणि का जातो, यावरून विद्यापीठावर खरी सत्ता कोणाची चालते हे कळतं. म्हणूनच या प्रश्नावर एवढं लिहावंसं वाटलं.

आधी धीराबद्दल. व्हर्जिनिया टेकने १९८७च्या हंगामासाठी आपलाच माजी खेळाडू फ्रँक बीमर याला कोच नेमलं. पहिल्या वर्षी दोन विजय, नऊ पराभव. सहावं वर्ष १९९२. त्या वर्षीही दोनच विजय, आठ पराभव आणि एक बरोबरी. सहा वर्षांचा हिशेब २४ विजय आणि ४० पराभव असा होता. आज एवढ्यावर कोणीही तिसऱ्या-चौथ्या वर्षीच घरी गेला असता. विद्यापीठाने बीमरना ठेवलं. १९९३पासून ते २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांचा संघ सलग २३ वर्षं हंगामाअखेरच्या बाउल सामन्यांना पात्र ठरला आणि १९९९च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला.

कॅन्सस स्टेटची गोष्ट तर याहून टोकाची आहे. पराभवांची पाचशेची वेस ओलांडलेला हा संघ देशातला सर्वांत वाईट मानला जाई. १९८९ मध्ये बिल स्नायडर आले. पहिल्या वर्षी एक विजय, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी सात. १९९८ मध्ये त्यांचा संघ नियमित हंगामातले अकराच्या अकरा सामने जिंकून देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन आला. २००५ मध्ये ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्याचं तीन वर्षांत बिनसलं, आणि २००९ मध्ये स्नायडर परत येऊन आणखी दहा हंगाम राहिले.

या धीराला साधं कारण आहे. कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळायला मिळतात. नवा कोच पहिली दोन-तीन वर्षं आधीच्याने निवडलेल्या मुलांसह खेळतो. त्याने स्वतः शाळांतून हेरून आणलेली मुलं तयार होतात चौथ्या-पाचव्या वर्षी. त्याआधी त्याचा निकाल लावला तर तो निकाल निम्मा आधीच्या कोचचाच असतो.

उतावळेपणाची किंमत पाहायची असेल तर नेब्रास्काला जावं. लिंकनमधल्या स्टेडियमची तिकिटं १९६२पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत, इतकं या राज्याचं खेळावर प्रेम. टॉम ऑस्बर्न तिथे १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं कोच होते. एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत, पण पहिलं राष्ट्रीय विजेतेपद यायला २२ हंगाम लागले. मग १९९४, १९९५ आणि १९९७ अशी चार वर्षांत तीन आली. त्यांच्यामागून आलेले फ्रँक सोलिच यांनी सहा वर्षांत ५८ सामने जिंकले आणि १९ गमावले. २००३ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभव झाल्यावर त्यांना काढलं, कारण नव्या क्रीडा संचालकांना एवढं पुरेसं वाटत नव्हतं. त्यानंतर कॅलाहन आले, मग पेलिनी. पेलिनींनी सातही वर्षं किमान नऊ सामने जिंकले, तरी तेही गेले. मग रायली, मग फ्रॉस्ट, आता रूल. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले. नेब्रास्काने आपल्या गटाचं विजेतेपद शेवटचं जिंकलं ते १९९९ मध्ये, आणि कोच होते सोलिच. तेच सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात १६ वर्षं सुखाने राहिले आणि तिथल्या गटातले सर्वाधिक विजय मिळवून निवृत्त झाले. हा अन्याय वाचताना आजही मनाला लागतो.

आणि हा एकट्या नेब्रास्काचा दैवदुर्विलास नाही. कोलोराडो विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट अॅडलर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९९७ ते २०१० या काळातले कोचबदल तपासले. कोच बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तशीच कामगिरी असूनही कोच न बदललेल्या संघांशी केली. अगदी तळाच्या संघांना बदलाने फारसा फरक पडला नव्हता. निम्मे सामने जिंकणारे मधले संघ मात्र कोच बदलल्यावर पुढच्या वर्षांत उलट मागे पडले होते.

तरी हाकलणं थांबत नाही, कारण पैसा सुटलेला आहे. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना सहाव्या हंगामात काढलं, तेव्हा उरलेल्या कराराची साडेसात कोटी डॉलरहून अधिक भरपाई देणं बंधनकारक होतं. रुपयांत सहाशे कोटींच्या वर. नसलेल्या कामासाठी एका माणसाला एवढी रक्कम द्यायची, आणि तीही विद्येच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने, हे मला कुठल्याही युक्तिवादाने पटत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र बदललं आहे, हे मान्य करायला हवं. २०२१पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाऊ शकतात आणि आपल्या नावावर पैसेही कमावू शकतात. कर्ट सिग्नेटी २०२४च्या हंगामासाठी इंडियानात आले ते जुन्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू बरोबर घेऊनच, आणि पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले. एवढे विजय इंडियानाने एका हंगामात त्याआधी कधीच पाहिले नव्हते. उलट ओक्लाहोमा स्टेटचे माइक गंडी २०२३ मध्ये दहा सामने जिंकतात, २०२४ मध्ये तीनच, आणि २१व्या हंगामात, सप्टेंबर २०२५ मध्ये, तीन सामन्यांनंतर नारळ घेतात. बीमरना मिळाली तशी सहा वर्षं आता कोणी देणार नाही. पण सिग्नेटींसारखा एखादाच असतो. बाकीच्यांना चार वर्षं मिळायलाच हवीत.

आता दुसरं टोक, कोच फार काळ राहण्याचं, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. पॅटर्नो वाईट माणूस म्हणून कोणाला माहीत नव्हते. ब्राउन विद्यापीठातून इंग्रजी साहित्य शिकलेला हा माणूस मुलांनी पदवी पुरी करावी म्हणून आग्रही असे. पती-पत्नीने विद्यापीठाला ४० लाख डॉलरहून अधिक देणगी दिली. ग्रंथालयाच्या इमारतीला त्यांचं नाव होतं. एवढ्या आदराचं रूपांतर हळूहळू कशात झालं, हे नोव्हेंबर २०११ मध्ये दिसलं. त्यांचे माजी सहायक जेरी सँडस्की यांना मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे ४५ आरोपांत ते दोषी ठरले. २००१ मध्ये एका कनिष्ठ सहायकाने शॉवरमध्ये पाहिलेला सँडस्कीचा प्रकार पॅटर्नोंच्या कानावर घातला होता. त्यांनी तो कर्ली यांना सांगितला. पोलिसांना कोणीही सांगितलं नाही.

विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेल्या लुई फ्री यांच्या २०१२च्या अहवालातली एक नोंद मला सर्वांत भयानक वाटते. २००० मध्ये रात्रपाळीच्या सफाई कामगारांपैकी एकाने सँडस्कीला एका मुलासोबत प्रत्यक्ष पाहिलं होतं. कामगार आपसांत बोलले आणि गप्प बसले, कारण फुटबॉलच्या विरोधात तोंड उघडलं तर नोकरी जाईल अशी त्यांना भीती होती. पॅटर्नोंच्या कुटुंबाने या अहवालाचे निष्कर्ष नाकारले आहेत. पॅटर्नोंना व्यक्तिशः किती माहीत होतं, यावरचा वाद मिटणार नाही. पण झाडू मारणाऱ्या माणसाची ती भीती खोटी कशी म्हणायची?

९ नोव्हेंबर २०११च्या रात्री पॅटर्नोंच्या दारात विद्यापीठाचा माणूस एक फोन नंबर घेऊन आला. हंगाम संपल्यावर निवृत्त होण्याची घोषणा पॅटर्नोंनी त्याच दिवशी केली होती. त्यांनी फोन लावला, आणि विश्वस्त मंडळाचे उपाध्यक्ष जॉन सुर्मा यांनी सांगितलं की तुम्ही आत्तापासून कोच नाही. ४६ हंगाम, ४०९ विजय. गावात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, एका वृत्तवाहिनीची गाडी उलथवली गेली. अडीच महिन्यांच्या आत पॅटर्नो वारले. २०१७ मध्ये मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल कर्लींनी गुन्हा कबूल केला आणि स्पॅनियर न्यायालयात दोषी ठरले.

म्हणजे दीर्घ मुदत हीच विषारी का? तसं मला वाटत नाही. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॉलेजात जॉन गॅग्लिआर्डी १९५३ ते २०१२ अशी ६० वर्षं कोच होते. कारकिर्दीत ४८९ विजय, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधले सर्वाधिक. ते सरावात खेळाडूंना एकमेकांवर आदळू देत नसत, शिट्टी वाजवत नसत, आणि मुलांनी आपल्याला कोच न म्हणता जॉन म्हणावं असा त्यांचा दंडक होता. आणखी जुनं उदाहरण अमोस अलोन्झो स्टॅग यांचं. शिकागो विद्यापीठात ते १८९२पासून ४१ हंगाम होते आणि या खेळाचे एक जनक मानले जात. सत्तरी गाठल्यावर विद्यापीठाने त्यांना इतर प्राध्यापकांचाच निवृत्तीचा नियम लावला. स्टॅग यांना थांबायचं नव्हतं, म्हणून ते कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या कॉलेजात जाऊन आणखी १४ हंगाम कोच राहिले. पण नियम हा नियम, आणि शिकागोने तो पाळला. पेन स्टेटला हे जमलं नाही.

आयोवाचे कर्क फेरेंट्झ आज देशातल्या सर्वोच्च विभागात एकाच जागी सर्वांत जास्त काळ असलेले कोच आहेत. १९९९ मध्ये पहिल्या वर्षी त्यांनी एक सामना जिंकला, दुसऱ्या वर्षी तीन. आयोवाने धीर धरला. चौथ्या वर्षी ११ विजय आले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी वुडी हेज यांना मागे टाकून बिग टेन गटातला विजयांचा विक्रम केला. फेरेंट्झ यांचा मुलगा ब्रायन हाच २०२३पर्यंत संघाच्या आक्रमणाचा प्रमुख होता. घराणेशाहीविरोधी नियमामुळे तो वडिलांना नाही, क्रीडा संचालकांना उत्तरदायी होता. गुणफलक हलेना, तेव्हा त्याच्या करारात सामन्यागणिक सरासरी २५ गुणांची अट घातली गेली. तरीही सुधारणा दिसेना. ऑक्टोबर २०२३ मध्ये, हंगाम चालू असताना, प्रभारी क्रीडा संचालक बेथ गोट्झ यांनी जाहीर केलं की ब्रायनचा हा शेवटचा हंगाम. वडील तेव्हा २५व्या वर्षात होते. त्यांना हे आवडलं नसणार, पण त्यांनी ते मानलं आणि संघाने त्या हंगामात दहा सामने जिंकले.

माझं मत यावरून बनलं आहे. कोचला पहिली चार वर्षं हात लावू नये. दहा वर्षं झाली की करार लांबवणं थांबवून तो दोन-दोन वर्षांचा करावा. सत्तरीनंतर विद्यापीठातल्या इतर सगळ्यांना जो नियम असेल तोच त्यालाही लागू करावा. या चौकटीत तो तीस वर्षं राहिला तरी माझी हरकत नाही. फेरेंट्झ ऑगस्ट २०२५ मध्ये ७० वर्षांचे झाले. त्यांचा करार २०२९पर्यंतचा आहे, आणि त्यानंतरचं नाव ठरवण्याचं काम आयोवाने आत्ताच, ते पदावर असतानाच, हाती घ्यावं.