पेशींचं एकमत

घोडेगावच्या कांदा मार्केटमध्ये कुणाला फिट आली, तर कांदा शोधायला लांब जावं लागत नाही! फोडून नाकाशी धरतात, मिनिटा-दोन मिनिटांत माणूस शांत होतो आणि श्रेय कांद्याला जातं. खरं तर बहुतेक झटके तेवढ्या वेळात आपोआपच थांबतात. (पाच मिनिटांच्या वर गेला, तर मात्र थेट दवाखाना.)

त्या दोन मिनिटांत आत घडतं तरी काय?

ते बघता येतं, हेच केवढं नवल! १९२४ साली जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा टिपली. डोक्यावर ती मिळते जेमतेम ५० मायक्रोव्होल्ट. बॅटरीच्या सेलचा तीस हजारावा भाग. डोळे मिटले की सेकंदाला ८ ते १३ लाटा दिसतात, उघडले की त्या विरतात.

म्हणजे मेंदू कामाला लागला की लाटा लहान होतात? हो! लिलाव रंगात असताना दुरून नुसता गलका ऐकू येतो, कारण जो तो आपलंच बोलत असतो. सगळे एका ठेक्यात एकच शब्द ओरडू लागले, तर आवाज दोन कोसांवर जाईल, पण लिलाव बंद पडेल. फिटमध्ये मेंदूतल्या पेशींचं असंच भलतं एकमत होतं. आलेखावर लाटा ताडमाड उंच, आणि माणूस बेशुद्ध.

फिट आली तरी काही मुलं खाली पडत नाहीत, वर्गात बसल्याबसल्या काही सेकंद शून्यात बघतात. त्यांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, सेकंदाला साधारण ३ टोकदार लाटा उमटतात. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, तर बऱ्याचदा तसा झटका तपासणीच्या टेबलावरच येतो!

आता गोळीची करामत. पेशीला सोडियमची दारं असतात. ती उघडली की पेशी पेटते. फेनिटॉइन हे फिटचं औषध सरसकट सगळी दारं लावत नाही. जी फार भराभर उघडझाप करतात, मुख्यतः त्यांनाच धरून ठेवतं. मात्र त्यासाठी ते रक्तात सतत हवं, म्हणून गोळी चुकली की झटका डोकं वर काढतो.

पण शून्यात बघणाऱ्या मुलांचा त्रास याच गोळीने वाढू शकतो. त्यांना व्हॅल्प्रोएट चालतं. ते १८८२ साली तयार झालं होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे पिएर एमार वेगवेगळी रसायनं त्यात विरघळवून तपासत होते, तर प्रत्येक रसायन झटके थांबवू लागलं! गुण होता विरघळवणाऱ्या द्रवाचा. पोटातल्या बाळाला मात्र त्यापासून धोका असतो, म्हणून तरुण मुलींसाठी डॉक्टर शक्यतो दुसरं औषध शोधतात.