दोर सरकला, शर्यत गेली

शर्यतीच्या छोट्या होडीत डोलकाठीलगत शिडाला आडव्या सुरकुत्या पडल्या, तर शिडाला दोष देऊ नका. बहुधा शीड चढवणारा दोर दोन बोटं सरकलेला असतो. मग होडी वाऱ्याकडे नीट चढत नाही.

दोर धरून ठेवणाऱ्या क्लीटचे दात झिजले, की पकड जाते. नवी घेताना दोराची जाडी पाहा आणि भोकांमधलं अंतर मोजा. ते बहुधा २७ किंवा ३८ मिलिमीटर असतं. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवताना गंजरोधक लेप लावा; खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंचं पटत नाही, ॲल्युमिनियम झिजतं.

शेवटी किनाऱ्यावरच दोर ताणून पाहा, झटक्यात सोडूनही पाहा. सोसाट्याच्या वाऱ्यात शीड क्षणात उतरवता आलं पाहिजे.