बाल्कनीतली कोथिंबीर आणि हाताचा गुण

‘माझ्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं म्हणणारी माणसं प्रत्येक इमारतीत भेटतात. बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. एप्रिल-मेमध्ये जुडी महागते, म्हणून डब्यातले धने कुंडीत पेरले जातात. थोडी रोपं उगवतात, माना टाकतात, कुंडी कोपऱ्यात जाते आणि दोष हाताच्या माथी बसतो. हा त्या हातांवर अन्याय आहे. कोथिंबीर थंडीत रमणारं पीक आहे. पारा तिशीच्या वर राहू लागला की तिची उगवण घटते आणि उगवलेली रोपं पानं वाढवायचं सोडून घाईघाईने फुलोऱ्यावर येतात. उन्हाळ्यात जुडी महागते त्यामागे हेही कारण असतं. अनुभवी शेतकऱ्यालाही जे त्या दिवसांत जड जातं, ते तापलेल्या कठड्यावरच्या कुंडीत सहजासहजी कसं साधेल? तेच धने दिवाळीनंतर पेरून पाहा.

पेरताना आणखी एक समज आड येतो. अख्खा धना म्हणजे एक बी असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते फळ आहे आणि त्यात दोन बिया जोडीने असतात. म्हणून धने लाटण्याने हलक्या हाताने रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर पाण्यात भिजवायच्या आणि मग पेरायच्या. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांनी कोथिंबिरीचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं किडीनेही केलं नसेल. स्वयंपाकघरातले धने चालतात, पण ते जुने किंवा भाजलेले नसावेत. उलट, बियाण्याच्या दुकानातून आणलेल्या धन्यांना बऱ्याचदा बुरशीनाशक लावलेलं असतं. त्यातले उरलेले चुकूनही मसाल्यात जाऊ देऊ नका. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, म्हणून एका कुंडीतून दुसरीत हलवलेलं तिला मानवत नाही. वीतभर खोल कुंडीत एकदाच पेरावी आणि खुडताना बाहेरचे देठ घेऊन मधला कोंब राखावा.

आता उन्हाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. ‘दक्षिणेची बाल्कनी उत्तम, उत्तरेची बिनकामाची’ हा सल्ला युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून आपल्याकडे आला. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. महाराष्ट्र मात्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत 15 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो आणि मधल्या काळात दुपारीही तो उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे मे महिन्यात उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, तर दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या स्लॅबची सावली असते. डिसेंबरात याच्या उलट होतं. दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो आणि ऊन दक्षिणेच्या बाल्कनीत खोलवर शिरतं. म्हणजे तीच जागा हिवाळ्यात कोथिंबीर-मेथीची आणि मे महिन्यात सावली खपवून घेणाऱ्या पुदिन्याची. कुंड्या मांडण्याआधी आपल्या कठड्यावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते एका सुट्टीच्या दिवशी लिहून ठेवा. कुठल्याही महागड्या कुंडीपेक्षा ती नोंद जास्त उपयोगी पडेल.

उन्हाचाच विषय आहे तर तुळशीबद्दलही बोलायला हवं. तुळस रात्रीही प्राणवायू सोडते, असं ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. प्राणवायू तयार व्हायला प्रकाश लागतो. रात्री तुळसही इतर झाडांसारखीच प्राणवायू घेते. तुळशीवरची श्रद्धा या दाव्याच्या आधारावर उभी नाही, त्यामुळे तो सोडून दिल्याने काहीच उणं होत नाही. मात्र दाव्यावर विसंबून तिला झोपायच्या खोलीत आणून ठेवलं, तर उन्हावाचून ती लांबुडकी आणि मलूल होत जाते. तिला बाहेरच राहू द्या आणि मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, म्हणजे फुटवे येत राहतील.

पाणी रोज घालायलाच हवं, हाही असाच एक समज. मुळांना हवाही लागते. बोट पेरभर मातीत खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पुदिना ओलाव्यात खूश असतो, पण रोझमेरी आणि थाइम भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्यातली झाडं आहेत. कोकणातल्या आषाढसरींत ती उघड्यावर ठेवली तर मुळं कुजतात. आणि कोकोपीट हे खत नाही. ते पाणी धरून ठेवतं, कुंडी हलकी करतं, पोषण मात्र गांडूळखतातून किंवा कुजलेल्या शेणखतातूनच द्यावं लागतं.

पानओव्याच्या भज्यांसाठी ओवा पेरणारे निराश होतात, कारण ती दोन वेगळी झाडं आहेत. ओव्याचं नातं धने-जिऱ्याशी, पानओव्याचं पुदिन्याशी. पानओवा हवा असेल तर शेजाऱ्यांकडून एक फांदी मागून आणा आणि मातीत खोचा.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं की लोक लगेच फवारणीची बाटली काढतात. तो रोग नसतो. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या त्या लहान अळ्या असतात. पक्ष्यांना फसवण्यासाठी त्यांनी ते सोंग घेतलेलं असतं. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतात आणि डिवचल्यावर डोक्यामागून उग्र वासाचं शिंग बाहेर काढतात. जी पानं आपण फोडणीत घालणार, त्यांवर कीटकनाशक मारण्यात शहाणपण नाही. झाड कमरेएवढं असेल तर दोन-चार अळ्या राहू द्या, ते पुन्हा फुटतं. रोप अगदी लहान असेल तर अळी पानासकट उचलून जवळच्या लिंबाच्या झाडावर ठेवा. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले आहेत, तिला तिथेही जेवण मिळेल.