नकाशा बदलतो, बोल मजुराला

नरखेड तालुक्यात एखादी सरकारी इमारत रखडली की 'मजूर अंग मोडून काम करीत नाहीत' हा शेरा हमखास कानी येतो. परंतु जोत्यापर्यंत आलेली खोली रुंद करावयाची, उभी भिंत फोडून तेथे दार काढावयाचे, असे फर्मान निघाले तर त्यात गवंड्याचा दोष कोणता? फोडण्यात दिवस जातो. नव्या नकाशाची वाट पाहण्यात आठवडा जातो. रोज बुडाला की मजूर संत्र्याच्या तोडीला निघून जातो. काम पुन्हा सुरू होते तेव्हा हात बसलेली टोळी उरलेली नसते.

हा अनुभव नरखेडपुरताच नाही. कॅनडात चार्ल्स लेनर्ड यांनी 1988 साली 57 प्रकल्पांतील 90 प्रकरणे तपासली. बदलाच्या आज्ञा वाढतात तशी श्रमाची उत्पादकता घटते, असेच त्यांना आढळले. सिडनीच्या संगीतगृहाचे काम 1959 साली, छपराचा आराखडा पक्का होण्यापूर्वीच सुरू झाले. पुढे बांधलेले स्तंभ पाडून नव्याने उभारावे लागले आणि उद्घाटनास 1973 साल उजाडले.

बदल कधीच करू नये, असे आम्ही म्हणत नाही. ध्यानी आलेली चूक तशीच चिरेबंद करण्यात शहाणपण नाही. मात्र बदलाची आज्ञा लेखी असावी, तीत वाढीव मुदत व खर्च नमूद असावा आणि उक्त्या कामात फोडलेल्या भिंतीचीही मजुरी मिळावी. लेखणीच्या फटकाऱ्याचे मोल घामाने फेडण्याची पाळी मजुरावर येऊ नये.