काळा कोट कोणाचा होता?

‘कट्टा’ या शब्दाचे आमच्याकडे दोन अर्थ. एक संध्याकाळी बसायचा, दुसरा चोपड्याकडच्या पोलीस कारवाईत जप्त होणारा, गावठी बंदुकीचा. धरणगावात आम्ही दहा-बारा जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतो, तो अर्थातच पहिल्या प्रकारचा. चहा, कुणाच्या तरी घरचे शेंगदाणे आणि एक पुस्तक. मागच्या खेपेला मात्र या कट्ट्यावर त्या कट्ट्याचा विषय निघाला, तोही थेट अमेरिकेतून.

पुस्तक होतं डेव्ह कलन या पत्रकाराचं ‘कोलंबाइन’. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यात लिटलटनजवळच्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला आणि मग स्वतःचाही. त्या दिवशी बातमीसाठी तिथे गेलेल्या कलनचं पुस्तक २००९ साली बाहेर आलं. म्हणजे दहा वर्षं. आमच्यातल्या तिघांनी ते पूर्ण वाचलं होतं. बाकीच्यांनी वाचलं नव्हतं, पण घटना सगळ्यांना ‘माहीत’ होती. गंमत अशी की वाचणाऱ्यांना शंका होत्या आणि न वाचणाऱ्यांना खात्री.

त्या दोघांची नावं पुस्तकात पानोपानी आहेत. इथे लिहीत नाही. २०१९ साली ख्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या गोळीबारानंतर न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचं नाव कधीही उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं होतं. मला ते पटलेलं आहे. एक अठरा वर्षांचा होता, एक सतराचा. थोरला आणि धाकटा म्हटलं तरी काम भागतं.

पहिली खात्री आमच्या बँकेतल्या भाऊंची. “काळे लांब कोट घालणारी एक टोळी होती ना शाळेत? सगळ्यांनी वाळीत टाकलेली पोरं. खेळाडू पोरांनी छळ छळ छळलं, मग त्यांनी सूड घेतला.” जगभर ही गोष्ट अशीच सांगितली जाते. शाळेत तशी एक टोळी होती हे खरं. आदल्या वर्षीच्या शाळेच्या वार्षिकांकात तिचा फोटोही आहे. पण हे दोघे त्या फोटोत नाहीत. त्या दिवशी त्यांनी लांब कोट घातले होते, कारण कोटाखाली बंदुका लपतात. वाळीत टाकलेलेही ते नव्हते. त्यांना मित्र होते, पिझ्झाच्या दुकानात नोकरी होती. धाकटा तर तीनच दिवस आधी शाळेच्या नाचाच्या समारंभाला मित्रमैत्रिणींबरोबर नटूनथटून गेला होता. त्याचा पुढच्या कॉलेजातला प्रवेश झालेला होता, आई-वडिलांबरोबर जाऊन तो कॉलेज बघूनही आला होता.

मग ही टोळीची गोष्ट आली कुठून? पुस्तकातला मला सगळ्यात अस्वस्थ करून गेलेला भाग हाच. वर्गावर्गांत अडकलेली मुलं वर्गातला टीव्ही लावून बसली होती आणि मोबाइलवरून वृत्तवाहिन्यांना फोन करत होती. टीव्हीवर ऐकलेलं फोनवर सांगायचं आणि फोनवर सांगितलेलं पुन्हा टीव्हीवरून ऐकायचं. ज्याने काही पाहिलं नव्हतं त्याच्या तोंडीही दोन तासांत ‘काळे कोट’ आले. आणि पत्रकारांना वाटलं, इतकी मुलं एकच सांगताहेत म्हणजे खरंच असणार. आपण यावर हसू नये. १ जुलै २०१८ ला आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. तिथेही प्रत्येकाला दुसऱ्याकडूनच ‘कळलं’ होतं.

‘सूड’ या शब्दापाशी आणखी थांबायला हवं, कारण ती शाळेतली गोळीबाराची घटना म्हणून ओळखली जाते, पण बेत गोळीबाराचा नव्हताच. बेत स्फोटाचा होता. प्रोपेन गॅसचे वीस-वीस पौंडांचे दोन बॉम्ब, म्हणजे प्रत्येकी साधारण नऊ किलोंचे. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, त्यावरून अंदाज करा. मोठ्या बॅगांत घालून ते शाळेच्या खाणावळीत, इतर मुलांच्या दप्तरांच्या गर्दीत ठेवलेले. वेळ लावली होती ११ वाजून १७ मिनिटं. थोरल्याने आधी तिथली गर्दी मिनिटामिनिटाला मोजून वहीत टिपली होती आणि जेवणाच्या सुट्टीत सर्वाधिक मुलं कधी असतात ते काढलं होतं. सुमारे पाचशे. वाचून बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या झाडायच्या, आणि नंतर धावून येणाऱ्या पोलीस-पत्रकारांसाठी स्वतःच्या गाड्यांमध्ये आणखी बॉम्ब. ११:१७ झाले, काही फुटलं नाही. बॉम्ब सदोष होते म्हणून पाचशे मुलं वाचली. नंतर जे झालं ते फसलेल्या बेतानंतरचं. खेळाडूंवर राग असणारा माणूस खाणावळ उडवत नाही. तिथे खेळाडू असतात, कवी असतात, डबा विसरलेली मुलंही असतात.

इथे आमच्या निवृत्त मुख्याध्यापक सरांनी कलनलाही धरलं, आणि मला ते बरोबर वाटतं. छळाची गोष्ट खोडून काढता काढता कलन दुसऱ्या टोकाला जातो: थोरला जन्मजात निर्दय, धाकटा नैराश्याने ग्रासलेला, संपला विषय. त्या शाळेत दांडगाई होती असं सांगणारे विद्यार्थी आहेत आणि कलनवर तो भाग हलका केल्याची टीकाही झालेली आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० मधल्या ३७ शालेय हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोरांचा अभ्यास करून २००२ साली अहवाल दिला. त्यातल्या ७१ टक्के मुलांना आपल्याला छळलं जातंय, दुखावलं जातंय असं वाटत होतं. म्हणजे छळ हे कारण ‘नसतं’ म्हणणं चूक आणि छळ झाला ‘म्हणूनच’ म्हणणंही चूक. छळ सोसणारी मुलं लाखो असतात. बंदूक उचलणारं त्यांत एखादं.

व्हिडिओ गेम आणि राक्षसी गाण्यांचा मुद्दा पटकन आटपतो. मॅरिलिन मॅन्सन नावाच्या गायकावर तेव्हा एवढं खापर फुटलं की त्याला दौऱ्यातले उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. आणि हे दोघे त्याचे चाहतेही नव्हते. गेमचं म्हणाल तर त्याच अहवालात हिंसक गेमचा नाद दिसलेले हल्लेखोर होते १२ टक्के. आणि स्वतःच्याच लिखाणात, कवितांत, निबंधांत, डायरीत हिंसा ओतणारे? ३७ टक्के. हा आकडा ऐकून सर गप्प झाले. का, ते शेवटी सांगतो.

दुसरी खात्री आमच्या एका मॅडमची होती, श्रद्धाळू बाई. शाळेच्या वाचनालयात बंदूक रोखून एका मुलीला ‘देवावर विश्वास आहे का’ असं विचारलं, ती ‘आहे’ म्हणाली आणि तिला गोळी घातली, ही कथा त्यांनी कुठेतरी वाचली होती. त्या मुलीच्या आईने त्याच वर्षी तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि ते तुफान खपलं. पण ज्या मुलाने तो संवाद ऐकला होता त्याला तपास अधिकाऱ्यांनी वाचनालयात परत नेलं, आवाज कुठून आला ते दाखवायला सांगितलं, तेव्हा त्याने वेगळ्याच जागेकडे बोट दाखवलं. तिथे दुसरी मुलगी होती. तिला आधी गोळ्या लागल्या होत्या, प्रश्न नंतर विचारला गेला, आणि ती जगली. मरण पावलेल्या मुलीबरोबर टेबलाखाली लपलेल्या दुसऱ्या विद्यार्थिनीने असा काही संवाद झालाच नाही असं सांगितलं. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या आईला हे कुणी सांगितलं असेल हो?” याचं उत्तर कुठल्या वस्तुस्थितीत बसतं?

“डोकं फिरलं असेल एकदम,” हे वाक्य तर प्रत्येक खेपेला येतंच. बेत जवळजवळ वर्षभर शिजत होता. १९९८ मध्येच थोरल्याच्या वेबसाइटवरच्या धमक्या एका विद्यार्थ्याच्या पालकांनी शेरीफच्या कार्यालयाला दाखवल्या होत्या. झडतीच्या अर्जाचा मसुदाही तयार झाला, पण तो न्यायाधीशापुढे गेलाच नाही, आणि असा मसुदा होता हे लोकांना कळायला २००१ उजाडलं. अहवालातल्या ४१ जणांमध्येही हेच दिसलं: ८१ टक्के घटनांत निदान एका तरी माणसाला आधी कुणकुण होती. बहुतेकदा तो वर्गमित्र असतो, शिक्षक नाही.

पोलिसांबद्दल एकच सांगतो. शिक्षक डेव्ह सँडर्स मुलांना बाहेर काढताना जखमी झाले. विद्यार्थ्यांनी अंगातले शर्ट काढून त्यांच्या जखमांवर दाबून धरले, पाकिटातले त्यांच्या घरच्यांचे फोटो त्यांना दाखवत राहिले, आणि इथे एक माणूस रक्तस्राव होऊन मरतोय असं पांढऱ्या फळ्यावर लिहून फळा खिडकीत लावला. दोघे मारेकरी दुपारी बारा-सव्वाबारालाच मेले होते. जखमी झाल्यापासून सँडर्सपर्यंत मदत पोहोचायला तीन तासांहून जास्त लागले. त्यानंतर अमेरिकन पोलिसांचा नियमच बदलला: घेराव घालून थांबायचं नाही, पहिल्या पोलिसाने आत शिरायचं. तरी २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या उवाल्डीत पोलीस ७७ मिनिटं थांबले. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या.

आणि मग शेवटी ते वाक्य आलं, ज्याची मी वाटच बघत होतो: “आपल्याकडे नाही होत हो असलं.” ११ डिसेंबर २००७ ला गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या दोघांनी वर्गमित्राला गोळ्या घालून मारलं. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणात, यमुनानगरला, बारावीच्या मुलाने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. त्या वाचल्या नाहीत. इतकं कमी होतं यात आपल्या संस्कारांचा वाटा किती आणि शस्त्र सहज न मिळण्याचा किती, हे मात्र विचारावं. एकवीस वर्षांखालच्यांना आपल्या कायद्यात सहसा बंदुकीचा परवाना मिळत नाही. कोलंबाइनच्या चार बंदुकांपैकी तीन एका अठरा वर्षांच्या मैत्रिणीने प्रदर्शनातून घेऊन दिल्या होत्या, आणि त्या वेळी तिथे ते चालत होतं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशच्या हद्दीत उमर्टी आहे, आणि तिथल्या कट्ट्यांच्या बातम्या आम्ही दर थोड्या दिवसांनी वाचतो. कोपऱ्यात बसलेले एक शेतकरी काका, जे एरवी बोलतच नाहीत, म्हणाले, “भो, आपला पोऱ्यास्ना मनमा काय चाली ऱ्हायनं, ते तरी आपले कोठे माहीत?”

तेव्हा सरांनी ते सांगितलं. तीस-एक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावच्या शाळेत असताना, नववीतल्या एका मुलाची वही त्यांच्या टेबलावर आली होती. मागच्या चार-पाच पानांवर वर्गातल्या मुलांची नावं, प्रत्येकापुढे त्याचं काय करायचं ते, आणि शेवटी स्वतःचं नाव. मुलगा वर्गाचा मॉनिटर. सरांनी त्याला कानाखाली दिली, पानं फाडली, पालकांना बोलावलं नाही, कारण परीक्षा तोंडावर होती. पुढे काही झालं नाही. मुलगा पास झाला, गाव सोडून गेला.

“काय लिहिलं होतं नेमकं?” भाऊंनी विचारलं.

सरांना एकही ओळ आठवेना. अक्षर फार सुंदर होतं, एवढंच आठवत होतं.