कादंबरीच्या वाटेने इंग्रजी शब्दसंपदा

बँकेची लिपिक परीक्षा असो वा कर्मचारी निवड आयोगाची, आपल्या मुलामुलींचे गणित बरे असते, सामान्य ज्ञानही चांगले असते आणि गाडी अडते ती इंग्रजीपाशी. त्यातही व्याकरणापेक्षा शब्द जास्त अडवतात. मग बाजारातून शब्दांच्या यादीचे पुस्तक आणले जाते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि रोज पन्नास शब्द पाठ करण्याचा संकल्प. आठवड्यात साडेतीनशे शब्द होतात आणि पुढच्या आठवड्यात त्यातले बहुतेक विसरलेले असतात. मुले स्वतःलाच दोष देतात. वास्तविक दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नसून शिकण्याच्या रीतीचा आहे. एखाद्याचे नाव आणि पत्ता पाठ केला म्हणून तो माणूस आपल्या ओळखीचा होत नाही. त्याला चार ठिकाणी, चार प्रसंगी भेटावे लागते. शब्दाचेही तसेच आहे.

आपण मराठी कशी शिकलो ते आठवून पाहावे. ‘रुसवा’, ‘उसनवारी’, ‘कानाडोळा’ या शब्दांचे अर्थ आपल्याला कोणी फळ्यावर लिहून दिले नव्हते. घरात, वस्तीत, बाजारात ते शब्द कोणत्या वेळी, कोणाच्या तोंडून, कोणत्या सुरात येतात हे ऐकत ऐकत ते आपले झाले. शब्दाच्या आजूबाजूच्या या सगळ्या गोतावळ्याला संदर्भ म्हणतात. इंग्रजीचा असा गोतावळा आपल्या घरात नाही. तो पुस्तकात मात्र मिळू शकतो आणि त्यासाठी किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य कादंबरी फार उपयोगी पडते.

उदाहरणासाठी सर्वांच्या परिचयाचे पुस्तक घेऊ. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेची हॅरी पॉटर मालिकेतील पहिली कादंबरी १९९७ साली लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने काढली. तिची प्रकरणे १७ आणि शब्द सुमारे ७७ हजार. वडीलधारी मंडळी विचारतील, जादूच्या गोष्टी आपल्या मुलांच्या हाती कशाला द्यायच्या? ही जादू निव्वळ करमणुकीची आहे. ती खरी मानावी असे लेखिका कोठेही सांगत नाही. शिवाय शब्द शिकण्याच्या दृष्टीने या जादूचा एक मोठा फायदा आहे, तो असा.

या पुस्तकात ‘मगल’ हा शब्द वारंवार येतो. पुस्तक निघाले तेव्हा तो या अर्थाने कोणत्याही शब्दकोशात नव्हता, कारण हा अर्थ लेखिकेनेच त्याला दिला. पहिल्याच प्रकरणात रस्त्यावरचा एक अनोळखी म्हातारा डर्स्ली नावाच्या गृहस्थाला मिठी मारतो आणि ‘मगल’ म्हणतो. डर्स्लीला अर्थ कळत नाही आणि वाचकालाही कळत नाही. त्याच प्रकरणात पुढे जादूगार मंडळी आपसात बोलताना हाच शब्द वापरतात आणि तो ‘आपल्यातले नसलेले लोक’ अशा अर्थाचा असावा असा अंदाज येतो. चौथ्या प्रकरणात हॅग्रिड नावाचा अवाढव्य माणूस हॅरीला अर्थ सांगून टाकतो, की ज्यांना जादू येत नाही असे लोक म्हणजे मगल. तोपर्यंत वाचकाने तो निम्माअधिक ओळखलेलाच असतो. पुढे २००३ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने हा शब्द दाखल करून घेतला. म्हणजे कोश मागून आला, अर्थ आधीच लाखो वाचकांना संदर्भातून कळला होता.

विद्यार्थी मित्रांनो, यात आपल्या कामाची गोष्ट ही आहे. लंडनच्या भारी शाळेतला मुलगा आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी, ‘मगल’ या शब्दापुढे दोघेही सारखेच अडाणी असतात. दोघांनाही तो त्याच वाटेने शिकावा लागतो. ज्या मुलीला ‘मगल’ कळला तिच्याकडे अंदाज बांधण्याची शक्ती आहे हे सिद्ध झाले. तीच शक्ती खऱ्या इंग्रजी शब्दांवर चालवायची एवढेच काम उरते.

ही नुसती माझी समजूत नाही. अँथनी बर्जेस यांच्या १९६२ सालच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीत रशियन भाषेवरून घडवलेले दोनशेहून अधिक अनोळखी शब्द आहेत. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साराजी, नेशन आणि मेइस्टर यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकांना ही कादंबरी शब्दार्थांच्या यादीशिवाय वाचायला दिली आणि नंतर त्यातील ९० शब्दांची परीक्षा घेतली. शब्दांची परीक्षा होणार हे वाचकांना आधी सांगितले नव्हते. तरी सरासरी ७६ टक्के उत्तरे बरोबर आली. पुढे १९८९ साली पिट्स, व्हाइट आणि क्रॅशन यांनी इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांना त्याच पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे वाचायला दिली. त्यांनीही शब्द शिकले, पण थोडेच. कारण उघड आहे. त्यांना आजूबाजूचे इंग्रजीही कमी कळत होते आणि वाचनही थोडे झाले होते. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पुस्तक आपल्या आवाक्यातले हवे आणि वाचन भरपूर हवे.

आता संदर्भ अर्थ कसा सांगतो ते पाहू.

पहिली तऱ्हा म्हणजे लेखक स्वतःच अर्थ सांगतो. काढे आणि अर्क शिकवणारे स्नेप मास्तर पहिल्याच तासाला हॅरीला ‘बेझोअर’ कोठे मिळेल असे विचारतात आणि नंतर स्वतःच सांगतात, की तो बकऱ्याच्या पोटातून निघणारा खडा असून बहुतेक विषांवर उतारा आहे. या शब्दाचे मूळ फारसी ‘पादजहर’ आहे. त्यातले ‘जहर’ आपल्या ओळखीचेच. त्याच तासाला ते सांगतात की ‘माँक्सहूड’ आणि ‘वुल्फ्सबेन’ ही एकाच वनस्पतीची नावे आहेत आणि तिला ‘ॲकोनाइट’ही म्हणतात. आपल्याकडचा विषारी बचनाग याच जातकुळीतला. एका वाक्यात तीन शब्द पदरात पडले.

दुसरी तऱ्हा म्हणजे शेजारच्या वस्तू अर्थ सांगतात. ग्रिंगॉट्स ही जादूगारांची बँक. मी स्वतः बँकेत लिपिक असल्याने हा भाग मला विशेष आवडतो. तेथे लांबलचक काउंटरमागे बुटके ‘गोब्लिन’ बसले आहेत. कोणी ‘लेजर’मध्ये खरडतो आहे, कोणी ‘स्केल्स’मध्ये नाणी जोखतो आहे. ‘लेजर’ म्हणजे खातेवही हे माहीत नसले तरी बँक, काउंटर आणि लिहिण्याची क्रिया यावरून ते कळते. ‘स्केल’ म्हणजे पट्टी एवढेच शाळेत कळलेले असते, पण नाणी जोखायला पट्टी चालत नाही, तराजूच लागतो. माशाच्या अंगावरचे खवलेही ‘स्केल्स’च. शब्द एक, अर्थ तीन, आणि कोणता घ्यायचा हे शेजारी ठरवतात.

तिसरी तऱ्हा म्हणजे बोलणाऱ्याचा भाव. कादंबरीत संवाद भरपूर असतात आणि प्रत्येक वेळी ‘म्हणाला’ असे न लिहिता लेखिका ‘मटर्ड’, ‘व्हिस्पर्ड’, ‘हिस्ड’, ‘स्नॅप्ड’ असे शब्द वापरते. मराठीत आपण पुटपुटला, कुजबुजला, फुत्कारला, खेकसला म्हणतो तसेच हे. यातला ‘स्नॅप’ कोशात पाहिला तर आधी ‘कट्कन तुटणे’ असा अर्थ सापडतो आणि वाचक गोंधळतो. रागावलेल्या माणसाच्या बोलण्यानंतर तो आला आहे हे ध्यानात घेतले की ‘खेकसला’ हा अर्थ आपोआप पुढे येतो.

चौथी तऱ्हा म्हणजे शब्दाचे अवयव. हॅरीला एक झगा मिळतो. तो पांघरला की माणूस दिसेनासा होतो. त्या झग्याच्या नावात ‘इनव्हिजिबिलिटी’ हा लांबलचक शब्द आहे. तो फोडला तर ‘इन’ म्हणजे नकार आणि ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे. मराठीतील ‘अ’ आणि ‘दृश्य’ यांची जोडी तशीच आहे. ही फोड एकदा जमली की ‘इनकरेक्ट’, ‘इनकंप्लीट’, ‘इनसफिशंट’ असे कितीतरी शब्द न भेटताच ओळखीचे होतात. यातला शेवटचा शब्द न वटलेल्या चेकमुळे अनेकांना परिचित असेलच.

परंतु संदर्भ नेहमी पुरेसा असतोच असे नाही. स्नेप मास्तर त्याच तासाला एका जालीम झोपेच्या औषधाचे नाव सांगतात, त्यात ‘ड्राफ्ट’ हा शब्द आहे. बँकेतला ड्राफ्ट आणि हा ड्राफ्ट उच्चाराला सारखे असले तरी स्पेलिंग वेगळे आहे. येथे त्याचा अर्थ प्यायचे औषध, घोट असा आहे. नुसते ऐकून अंदाज बांधणारा येथे फसेल. दोन्हींचे मूळ मात्र ‘ड्रॉ’, म्हणजे ओढणे, या एकाच शब्दात आहे. असे नाते कोशच दाखवू शकतो. म्हणून कोश टाकून द्यावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. आधी अंदाज, मग कोश, हा क्रम सांभाळावा.

उलट कधी शब्दशः अर्थ फसवतो आणि संदर्भ वाचवतो. कादंबरीच्या नावात ‘फिलॉसॉफर’ आणि ‘स्टोन’ हे शब्द आहेत. शब्दशः अर्थ लावला तर ‘तत्त्वज्ञाचा दगड’ होतो आणि काहीच बोध होत नाही. पुस्तकात मात्र हा दगड कोणत्याही धातूचे सोने करतो असे येते आणि मराठी वाचकाच्या तोंडून शब्द निघतो, परीस! मराठी अनुवादाचे नावही ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असेच आहे. अमेरिकेत १९९८ साली पुस्तक काढताना प्रकाशकाने ‘फिलॉसॉफर’ काढून ‘सॉर्सरर’, म्हणजे जादूगार, असा शब्द घातला. आपल्याला अशा बदलाची गरज पडली नाही, कारण आपल्याकडे नेमका शब्द होता. मराठी चांगली असणे हे इंग्रजी शिकण्यात अडचण नसून भांडवल आहे, हे आपल्या मुलांना वारंवार सांगितले पाहिजे.

आता प्रत्यक्ष रीत. पुस्तक निवडताना मधले कोणतेही पान उघडावे. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार मदतीशिवाय नीट समजण्यासाठी सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर पाचसहा शब्द अनोळखी चालतील. पंधरावीस निघाले तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवून सोपे घ्यावे. त्यात कमीपणा नाही. किंवा आधी मराठी अनुवाद वाचावा. गोष्ट माहीत झाली की इंग्रजी वाक्ये निम्मी सोपी होतात.

एक प्रकरण न थांबता वाचावे. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि पुढे जावे. पुस्तक ग्रंथालयाचे असेल तर शब्द व पान क्रमांक कागदावर टिपावा. जो शब्द तीनदा अडला तोच वहीत घ्यावा. वहीत चार गोष्टी लिहाव्यात, शब्द ज्या प्रसंगात आला तो प्रसंग, आपला अंदाज, कोशातील अर्थ आणि आपण केलेले एक वाक्य. दिवसाला पाच शब्द पुष्कळ झाले. ‘मगल’ वा ‘क्विडिच’ वहीत घेऊ नये, ते परीक्षेत येणार नाहीत. ‘लेजर’, ‘मटर’, ‘इनव्हिजिबल’ येऊ शकतात.

एका भेटीत शब्द पक्का होईल अशी अपेक्षा मात्र धरू नये. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वाचनात भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधराच मुलांच्या हाती लागतात असे दिसले. हा आकडा निराश करणारा नाही. एका कादंबरीत तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक भेटीत थोडा अधिक ओळखीचा होतो. यादीत तो एकदाच येतो.

बँकेच्या परीक्षांत उताऱ्यातील शब्द गाळून ते ओळखायला सांगतात, त्याला ‘क्लोज टेस्ट’ म्हणतात. १९५३ साली विल्सन टेलर यांनी मजकूर वाचायला किती सोपा वा अवघड आहे हे मोजण्यासाठी ती मांडली. ही परीक्षा संदर्भावरून शब्द हेरण्याचीच आहे. ज्याने दोनतीन कादंबऱ्या अशा रीतीने वाचल्या, त्याने हजारो वेळा ही परीक्षा नकळत दिलेली असते.

आपल्या अभ्यासिकांच्या कपाटात मार्गदर्शके आणि प्रश्नसंच भरपूर असतात. त्यांच्या शेजारी अशा चारसहा इंग्रजी कादंबऱ्या, त्यांचे मराठी अनुवाद आणि एक चांगला कोश ठेवावा, आणि आठवड्यातून एक तास मुलांनी एकत्र बसून एक प्रकरण मोठ्याने वाचावे. एकाला न कळलेला शब्द दुसऱ्याच्या अंदाजाने सुटतो. खर्च थोडा आहे. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही अशा मुलांसाठी हे कपाट आपण सर्वांनी मिळून भरावे, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.